सहा चौकोन

पद्माकर लेले यांना जर्मनीत येऊन पस्तीस वर्षं झाली होती, आणि त्यांतली चौतीस वर्षं ते एकच गोष्ट सांगत आले होते. गोष्ट खरी होती. १९७२ साली ते नेकारसुल्मच्या मोटारीच्या कारखान्यात लागले. फोनवर ‘या, घर बघून जा’ म्हणणाऱ्या फ्राउ क्नोडलर नावाच्या बाईने दार उघडून त्यांचा चेहरा पाहिला आणि “घर पाच मिनिटांपूर्वीच गेलं” असं सांगून दार लावून घेतलं. लेले जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा ‘घर भाड्याने देणे आहे’ ही पाटी खिडकीत जागच्या जागी होती.

सुरुवातीला ही बाई मध्यम बांध्याची होती. मग दर व्याख्यानागणिक तिचं वजन वाढत गेलं. पुढे तिच्या पायाशी एक कुत्रा आला, आणि लेले निवृत्त झाले त्या सुमारास तो भुंकायलाही लागला. दार आपटल्याचा आवाज मात्र लेले पहिल्यापासून हुबेहूब काढत. त्या आवाजासरशी सभेतली एखादी तरी बाई डोळ्यांना रुमाल लावी.

या गोष्टीच्या जोरावर लेले आपल्या गावाच्या परदेशी नागरिकांच्या सल्लागार मंडळावर निवडून आले होते. पुढे २००६ साली समान वागणुकीचा कायदा झाला. वंश, लिंग, धर्म, अपंगत्व, वय आणि लैंगिक ओळख, या सहा कारणांवरून कुणाला नोकरी किंवा घर नाकारायचं नाही असं सरकारने ठरवलं. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यासाठी एक कक्ष उघडला, आणि कक्षाने देशवार सांस्कृतिक तज्ज्ञांची यादी केली. तुर्कस्तानासमोर अकरा नावं होती, इटलीसमोर सात. भारतासमोर एक.

“हेर लेले, आमचा भारत म्हणजे तुम्हीच,” कक्षाच्या फ्राउ हेबर्ले फोनवर म्हणत.

“हो, हो,” लेले म्हणत. एवढा मोठा देश आपल्या अंगावर आहे याचं त्यांना ओझं वाटत नसे.

२००७ च्या जूनमध्ये त्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा झाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी. तिथे अठरा वर्षं राहिलेली शाळामास्तरीण बहिणीकडे राहायला गेली होती. लेल्यांनी शनिवारच्या पेपरात जाहिरात दिली. दहा वाजता पहिलाच फोन आला तो मराठीतून.

“काका, हरीश बोलतोय. प्लांटमध्ये असतो. गुढीपाडव्याला मराठी मंडळात भेटलो होतो बघा, मी खुर्च्या लावत होतो.”

“अरे, मग जाहिरात कशाला वाचत बसलास? सरळ यायचं!”

हरीश तासाभरात आला. सायकलवरून. पंचवीस-सव्वीसचा, नीट भांग पाडलेला, हातात कागदांची फाइल. वर जाऊन त्याने घर बघितलं, म्हणजे खिडक्यांपेक्षा जास्त भिंती बघितल्या. खिशातून टेप काढून लांबी-रुंदी मोजली.

“हे काय रे, माझ्यावर विश्वास नाही?”

“तसं नाही काका. बायकोला आणायचंय. वकिलातीत भाड्याचा करार दाखवावा लागतो, त्यात किती चौरस मीटर ते लिहिलेलं लागतं. मी आत्ता वोनहाइममध्ये राहतो, कामगारांच्या वसतिगृहात, चौदा मीटर. तेवढ्यात दोघांना परवानगी नाही. ईश्वरीला सहावा महिना लागलाय. जुलैअखेरच्या आत कागद पोचला तर तिला विमानात बसू देतील. नंतर मग...” त्याने टेप सोडला. तो सपकन आत गेला.

“नंतरचं बोलायचंच नाही,” लेल्यांच्या पत्नी मालिनीबाई म्हणाल्या. “खाली चल, चहा टाकते. आणि बाळासाठी ती पूर्वेकडची खोली घ्या हो, सकाळचं ऊन येतं.”

खाली चहा झाला, चकल्या आल्या. भाडं ठरलं. भांडण होईल असा एकही मुद्दा निघेना. लेल्यांनी छापील करार पुढे ओढला, चष्मा लावला आणि नावाच्या रकान्यात ‘हरीश’ असं लिहिलं. हरीश तिसरी चकली मोडत होता.

“आडनाव काय तुझं? मंडळात सगळे हरीश हरीशच करतात.”

“सोनकांबळे.”

लेल्यांचं पेन तीस वर्षांत कधी अडलं नव्हतं. ते आत्ता अडलं.

“सोनकांबळे,” लेले म्हणाले. “असं का. मूळ गाव?”

“उदगीरजवळ.”

“हां, म्हणजे... मराठवाडा. बरं.” त्यांनी पेन झटकलं. “शाई गेली वाटतं. असं करू, मी हे नीट भरून ठेवतो आणि उद्या कळवतो तुला. घाई कशाला?”

हरीशने हातातली चकली बशीत ठेवली. घाई कशाला ते त्याने आत्ताच वर सांगितलं होतं. ते त्याने पुन्हा सांगितलं नाही. “बरं काका,” म्हणाला आणि फाइल उचलली. मालिनीबाईंनी बशी पुढे केली नाही. चौथी चकली घ्या म्हणायची वेळ निघून गेली होती.

सायकल कोपऱ्यावरून वळल्यावर मालिनीबाई म्हणाल्या, “अहो, मुलगा चांगला वाटला हो.”

“वाईट कोण म्हणतंय?”

“मग?”

“मग काय मग! मी मानतो का असलं काही? माझं काहीच नाही. पण एक जिना, तळघरात एक कपड्यांचं मशीन, एकाच दोरीवर कपडे वाळणार. तुझ्या आईला कळलं तर काय म्हणेल?”

“आई जाऊन अकरा वर्षं झाली.”

“तेच ते,” लेले म्हणाले. काय तेच, ते दोघांनाही विचारावंसं वाटलं नाही.

तोंडावर नाही म्हणणं लेल्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून सांगितलं, “अरे, घोटाळा झाला बघ. आमच्या ऊर्मिलालाच घर हवंय. म्युनिक सोडून इकडे येते म्हणाली. आता पोटच्या पोरीला काय सांगणार?”

“नाही काका, बरोबर आहे. ताईंना सांगा, पूर्वेकडच्या खोलीत ऊन येतं.”

पुढच्या शनिवारी पेपरात तीच जाहिरात पुन्हा आली. लेल्यांनी दोन आठवड्यांचे पैसे आधीच भरले होते, आणि भरलेले पैसे वाया घालवण्याइतके ते जर्मनीत अजून मुरले नव्हते.

तीन आठवड्यांनी फ्राउ हेबर्ले यांचा फोन आला. आवाजात उत्साह होता. कक्ष उघडल्यापासून भारताचं एकही प्रकरण आलं नव्हतं, आणि रिकाम्या कप्प्याची त्यांना काळजी वाटत होती.

“आल्झो, तर हेर लेले, प्रकरण घराचं आहे. तक्रारदार भारतीय, घरमालकही भारतीय! आम्ही पाठ्यपुस्तकात असं शिकलोच नव्हतो. कागद पाठवते. नावं अर्थातच झाकलेली असतील. आमच्याकडे ज्याला नाव माहीत असतं त्याला प्रकरण माहीत नसतं, आणि मला प्रकरण माहीत आहे म्हणून मला नाव माहीत नाही.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” लेले म्हणाले. “असंच पाहिजे.”

कागद आले. कक्षाने नावं, पत्ते, रस्ते, सगळ्यांवर काळी शाई फिरवली होती. बाकीचं इंग्रजीत, साध्या वाक्यांत होतं. ‘घरमालकांनी मला आपुलकीने चहा दिला. चकली हा खारा पदार्थही दिला. तिसऱ्या चकलीच्या वेळी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव विचारलं. त्यानंतर त्यांच्या पेनातली शाई संपली. माझ्या समाजाला पूर्वी अस्पृश्य म्हणत. आमच्याकडे हे आडनावावरून कळतं. घर मुलीला हवं असं मला सांगितलं, पण जाहिरात पुन्हा आली, ती सोबत जोडली आहे. मला नुकसानभरपाई नको. मला ते घर हवं आहे. माझ्या पत्नीचा कागद जुलैअखेरपर्यंत वकिलातीत पोचायला हवा.’

लेल्यांनी हे दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांना राग आला की, या मुलाने चकल्या मोजल्या. दुसऱ्यांदा नुसताच घाम आला.

सोबत एक छापील फॉर्म होता. वर प्रश्न: आडनाव आणि गाव विचारणे तक्रारदाराच्या संस्कृतीत रूढ आहे काय? खाली सहा चौकोन: सांगितलेला भेदभाव यांपैकी कशात बसतो? योग्य ठिकाणी खूण करावी. त्याखाली ‘यांपैकी कशातही नाही’. आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात: तज्ज्ञाचा या प्रकरणाशी वैयक्तिक संबंध आहे / नाही.

लेल्यांना या प्रकरणातून बाजूला व्हायचं असतं तर तळापासून सुरुवात करायला हरकत नव्हती. त्यांनी वरून सुरुवात केली. माणूस पस्तीस वर्षं जर्मन फॉर्म भरत आला की वरून खाली भरत जातो.

अभिप्राय लिहायला त्यांना चार दिवस लागले. असं मुद्देसूद त्यांनी नोकरीतही कधी लिहिलं नव्हतं. ‘अनोळखी माणसाला आडनाव व गाव विचारणे ही आमच्याकडे आपुलकीची जुनी पद्धत होय. जात म्हणजे वंश नव्हे, सबब पहिला चौकोन लागू नाही. जात म्हणजे धर्म नव्हे, सबब तिसराही नाही. शिवाय भारतीय राज्यघटनेने अस्पृश्यता १९५० सालीच नष्ट केली आहे. जी गोष्ट अस्तित्वात नाही, तिच्यावरून भेदभाव होणे शक्य नाही.’ हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर ते उठून खोलीत एक फेरी मारून आले. वाक्य त्यांना फार आवडलं होतं.

शनिवारी ऊर्मिला म्युनिकहून आली. ती तिथे विमा कंपनीत होती. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर जर्मनमधून येई. बापाचं जर्मन लेखन ती शाळेत असल्यापासून तपासत होती.

“बाबा, आडनावावरून काय कळतं?” तिने कागदावरून मान वर न करता विचारलं.

“गाव कळतं. आपण लेले म्हटलं की समजतं, कोकणातले.”

“एवढंच?”

“मग काय कुंडली कळते? तू चुका बघ.”

तिने नऊ चुका दुरुस्त केल्या आणि “छान लिहिलंय, एकदम वकिलासारखं,” म्हणाली. ती झोपल्यावर लेल्यांनी तळाचा उरलेला पर्याय भरला. नाही.

फ्राउ हेबर्ले यांनी आभाराचं सुंदर पत्र पाठवलं. अभिप्राय इतका स्पष्ट होता की कक्षाने प्रकरण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बंद केलं. तक्रारदाराला दिवाणी कोर्टात जाण्याची मोकळीक आहे, त्यासाठी कायद्याने दिलेली मुदत दोन महिने, असंही त्याला कळवलं. त्या मुदतीचे तेव्हा तीन आठवडे उरले होते. जुलैचे सहा दिवस उरले होते.

सप्टेंबरअखेर गावात परदेशी नागरिकांच्या स्नेहाचा आठवडा असे. नगरभवनात दरवर्षी लेल्यांचं भाषण होई. या वर्षी नव्या कायद्यामुळे गर्दी होती. फ्राउ हेबर्ले पहिल्या रांगेत होत्या, मालिनीबाई आणि ऊर्मिला मागे दाराशी. लेले आत शिरत होते तेवढ्यात हरीश समोर आला. हातात प्लास्टिकचा डबा.

“काका, पेढा घ्या. मुलगी झाली. आज नऊ दिवसांची आहे.”

“अरे वा! कुठे, इथे?”

“नाही, उदगीरला.” त्याने डबा पुढे धरला. “मिल्क पावडरचे आहेत. वोनहाइमच्या मायक्रोवेव्हमध्ये केलेत, जरा कडक झालेत.”

लेल्यांनी पेढा घेतला. मालिनीबाईंनी घेतला आणि पटकन तोंडात टाकला. मग हरीश ऊर्मिलाकडे वळला.

“तुम्ही ऊर्मिलाताई ना? लागलात का वरच्या घरात? पूर्वेकडच्या खोलीत ऊन येतं ना?”

“मी?” ऊर्मिला म्हणाली. “मी कुठल्या घरात? मी म्युनिकला असते.”

“म्हणजे काकांनी तुमच्यासाठी...” हरीशने एकदा लेल्यांकडे बघितलं आणि डब्याला झाकण लावलं. “असू दे ताई. पेढा घ्या.”

लेले व्यासपीठावर गेले. पेढा त्यांच्या मुठीतच राहिला होता. त्यांनी गोष्ट सांगितली. फ्राउ क्नोडलर आली, कुत्रा भुंकला, दार आपटलं. पहिल्या रांगेत रुमाल निघाला. टाळ्या झाल्या. कुणाला काही विचारायचंय का, असं फ्राउ हेबर्ले यांनी विचारलं, तर मधल्या रांगेतून हरीश उभा राहिला.

“माझं जर्मन कच्चं आहे,” तो इंग्रजीत म्हणाला. “मी माझ्या भाषेत विचारतो. हेर लेले भाषांतर करतील.” मग मराठीत, अगदी शांतपणे: “काका, त्या बाईने दार लावून घ्यायच्या आधी तुम्हाला आत बसवून चहा दिला होता का? आडनाव विचारलं होतं का? एवढंच विचारायचंय.”

सभा लेल्यांकडे बघत होती. त्यांनी पेढा या मुठीतून त्या मुठीत घेतला.

“हा तरुण म्हणतो,” लेले जर्मनमध्ये म्हणाले, “की माझा अनुभव ऐकून त्याला धीर आला.”

टाळ्यांची सुरुवात झाली होती, तेवढ्यात मागून आवाज आला. “नाही. तो असं म्हणाला नाही.” ऊर्मिला उभी होती. तिने हरीशचे दोन्ही प्रश्न जर्मनमध्ये जसेच्या तसे सांगितले. तिची एकही चूक झाली नाही.

फ्राउ हेबर्ले यांच्या कपाळावर आठी पडली. “चहा, आडनाव... हे प्रकरण मी वाचलंय. पण ते बंद झालंय. तज्ज्ञांनी अभिप्राय दिला, सहापैकी एकाही चौकोनात ते बसत नव्हतं. घरमालक कोण ते मलासुद्धा माहीत नाही.”

“तो घरमालक मी नाही,” लेले माइकमधून म्हणाले.

माइक चांगला होता. वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेलं.

फ्राउ हेबर्ले यांनी हळूच चष्मा काढला. “हेर लेले,” त्या म्हणाल्या, “मी विचारलं नव्हतं.”

त्यानंतर कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे पोर्तुगीज मंडळींचं समूहगान झालं. त्यांची काही चूक नव्हती.

घरी आल्यावर ऊर्मिलाने बॅग भरली. लेले तिच्या मागे मागे फिरत होते. “तुला हे नाही कळायचं, तू इथे वाढलीस. ते सगळं फार जुनं आहे. आणि मी लिहिलं त्यात खोटं काय होतं? एक वाक्य खोटं दाखव.”

“दाखवता येत नाही,” ती म्हणाली. “नऊ चुका होत्या, त्या मीच काढल्या.” मग दाराशी थांबून ती मराठीत बोलली. घरात तिचं इतकं लांब मराठी वाक्य कित्येक वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. “वरचं घर माझ्यासाठी ठेवलंय असं सांगितलंत ना त्याला? मग ठेवा.”

कक्षाने प्रकरण पुन्हा उघडलं. उघडून पाहिलं आणि ऑक्टोबरात पुन्हा बंद केलं. पत्रात तीन कारणं होती: दोन महिन्यांची मुदत उलटली आहे, घरमालक त्याच इमारतीत राहत असल्याने कायदा अशा ठिकाणी माघार घेतो, आणि जात सहा चौकोनांत बसते की नाही, हे कोर्टानेच कधीतरी ठरवायला हवं. एका कारणावरही भागलं असतं. लेल्यांवर कसलाही ठपका नव्हता. तज्ज्ञांच्या यादीतून त्यांचं नाव काढल्याचं वेगळ्या पत्राने कळवलं होतं, तेही अतिशय सभ्य भाषेत. त्या जागेसाठी कक्षाने हरीश सोनकांबळे यांना विचारलं होतं, असं मंडळात कळलं. पण ते पत्र वोनहाइमवरून परत आलं. प्लांटमधलं काम अर्ध्यावर सोडून तो नोव्हेंबरात उदगीरला गेला होता. भारतासमोरची जागा आता कोरी आहे.

वरचं घरही रिकामंच आहे. जाहिरात लेल्यांनी पुन्हा दिली नाही. कुणी विचारलं तर “मुलीसाठी ठेवलंय” असं सांगतात, आणि आता त्यात खोटं काही नाही. मुलगी नाताळला आली नाही, पाडव्यालाही आली नाही. वरच्या मजल्यापुढचा जिना झाडायची पाळी दर दुसऱ्या आठवड्याला वरच्यांची असते, तीही मालिनीबाईच करतात. झाडून झालं की पूर्वेकडच्या खोलीत थोडा वेळ उभ्या राहतात. ऊन येत असतं.

परवा त्या खाली येऊन म्हणाल्या, “अहो, वरच्या बेलशेजारी पाटी तरी लावा. नवा पोस्टमन रोज विचारतो, वर कोण राहतं म्हणून.”

“पाटी?” लेल्यांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं. शाई भरपूर होती. “नाव काय घालू?”

मालिनीबाई झाडू तळघरात ठेवायला गेल्या.